वारस नसलेली गादी आणि कारणाचा शोध



इंग्रजी राजवटीने आपलं भलं केलं की वाटोळं केलं, हा वाद निघाला की एक मुद्दा हमखास येतो. कुणीतरी म्हणतं, नकाशा उघडा. जो मुलूख थेट इंग्रजांच्या अमलाखाली होता तिथली शेती पाहा, आणि जो संस्थानिकांकडे राहिला तिथली पाहा. थेट अमलातले जिल्हे शेतीत पुढे दिसतात. मग झालं तर! साहेबाचं राज्य बरं होतं हे सिद्ध झालं.

या युक्तिवादात 'दिसतात' या शब्दापासून 'मुळे' या शब्दापर्यंत एक उडी आहे. थेट अमल असलेले जिल्हे पुढे दिसतात, ही नोंद झाली. थेट अमलामुळे ते पुढे गेले, हे कारणाचं विधान झालं. आज आपल्याला या उडीबद्दल बोलायचं आहे. ही उडी सुरक्षितपणे मारता यावी म्हणून अर्थशास्त्रज्ञांनी एक युक्ती शोधली. तिला ते इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात, आपण साधन-चल म्हणू. मी अर्थशास्त्रज्ञ नाही, तत्त्वज्ञानाचा माणूस आहे. पण कारण म्हणजे काय आणि ते ओळखायचं कसं, हा प्रश्न आमच्या घरचा आहे. म्हणून ही युक्ती एका प्रत्यक्ष अभ्यासावर तपासून पाहू या.

आधी आपल्याच परंपरेतला एक शब्द घेऊ. धूर दिसला तर आग आहे, हे अनुमान बरोबर. पण उलटं केलं, आग आहे म्हणून धूर असणारच, तर ते चुकतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. मग धूर येतो कशाने? सरपण ओलं असल्याने. या ओल्या सरपणाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. दोन गोष्टींचा संबंध पक्का वाटतो, पण तो टिकून असतो एका तिसऱ्याच गोष्टीवर.

आता नकाशाकडे परत या. थेट अमल आणि चांगली शेती यांच्यामागे ओलं सरपण कुठलं असेल? जमीन. कंपनी व्यापारी होती. तिने काळी कसदार जमीन, पाण्याचा मुलूख, महसूल देणारा प्रांत निवडून घेतला, आणि डोंगराळ, कोरडा मुलूख राजेमहाराजांकडे राहू दिला, असं असेल तर? मग थेट अमलातल्या जिल्ह्यांची शेती चांगली असणारच. तिथे इंग्रज आले म्हणून नव्हे, ती चांगली होती म्हणून इंग्रज तिथे आले. कार्यकारणाचा बाण उलटा फिरला.

खरं म्हणजे इथे प्रयोग हवा होता. नाणं उडवायचं, छापा पडला तर संस्थान खालसा करायचं, काटा पडला तर राजाकडे ठेवायचं, आणि शंभर वर्षांनी येऊन पाहायचं. असा प्रयोग कुणी करत नाही, करूही नये. पण इतिहासात कधी आपोआप नाणं उडवलं गेलं होतं का, हे तर शोधता येईल? साधन-चल म्हणजे असं आपोआप उडालेलं नाणं.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९२८ साली फिलिप राइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने प्राणिज आणि वनस्पती तेलांवरच्या जकातीबद्दल एक पुस्तक लिहिलं. त्याच्या परिशिष्टात ती प्रथम नीट मांडलेली आहे. बाजारातली किंमत मागणीमुळेही हलते आणि पुरवठ्यामुळेही. दोन्ही गुंतलेलं. मग अशी गोष्ट शोधा जी फक्त पुरवठा हलवते, जसं हवामानामुळे कमीजास्त येणारं पीक. तिच्या धक्क्याने किंमत हलली आणि लोकांनी खरेदी कमीजास्त केली, की मागणीचा स्वभाव कळतो. धक्का बाहेरचा असला म्हणजे आतली यंत्रणा दिसते.

अशा बाहेरच्या धक्क्याला दोन अटी असतात. पहिली, धक्का खरोखर लागला पाहिजे. नुसता वारा येऊन गेला असं चालणार नाही. दुसरी, त्या धक्क्याचा अंतिम परिणामाशी संबंध फक्त याच वाटेने असला पाहिजे. मागून ओळख नको आणि दुसरा चोरदरवाजाही नको. पहिली अट आकडेवारीत तपासता येते. दुसरी मात्र आकडेवारी स्वतःहून सांगत नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या दुसऱ्या अटीपाशी आहे.

आता तो अभ्यास. लक्ष्मी अय्यर यांचा भारतातल्या थेट आणि अप्रत्यक्ष वसाहती राजवटीच्या दूरगामी परिणामांवरचा निबंध २०१० साली 'रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स' या नियतकालिकात आला. त्यांनी शोधलेलं नाणं आपल्या शाळेच्या पुस्तकातलं आहे. लॉर्ड डलहौसी १८४८ ते १८५६ गव्हर्नर जनरल होता. त्या काळात एखादा राजा औरस पुत्राशिवाय वारला की कंपनी दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा करू शकत होती. सातारा, झाशी, नागपूर ही नावं आपल्याला पाठ आहेत. अय्यर म्हणतात, त्या नेमक्या आठ वर्षांत राजा निपुत्रिक मरावा हा दैवाचा खेळ आहे. त्याचा जमिनीच्या कसाशी काय संबंध? पण त्याने संस्थान खालसा होण्याची शक्यता मात्र खूप वाढली. म्हणजे हे नाणं आहे.

हिशेब कसा होतो ते काल्पनिक आकडे घेऊन सांगतो. समजा, निपुत्रिक मृत्यू झालेल्या दर १०० संस्थानांपैकी ७० खालसा झाली, आणि तसा मृत्यू न झालेल्या १०० पैकी १०. फरक ६० चा. आता पुढे शंभर वर्षांनी पाहिलं, तर पहिल्या गटात दर १०० गावांमागे शाळा असलेली गावं सरासरी ६ ने कमी निघाली. हा ६ चा फरक सगळ्या १०० संस्थानांमुळे पडलेला नाही, ज्या ६० चं नशीब त्या मृत्यूने बदललं त्यांच्यामुळेच पडला आहे. म्हणून ६ ला ०.६ ने भागायचं. उत्तर १०. म्हणजे खालसा होण्याचा परिणाम दर १०० गावांमागे १० शाळा कमी. एवढंच गणित आहे. बाकी सगळं या गणिताच्या नेटकेपणासाठी.

निष्कर्ष काय निघाला? साधी तुलना केली तर थेट अमलातले जिल्हे शेतीत पुढे दिसतात. नाण्याच्या साहाय्याने तुलना केली की शेतीतला तो फरक ठळक राहत नाही. म्हणजे कंपनीने चांगली जमीन निवडून घेतली होती, ही शंका खरी निघाली. आणि दुसरं, थेट अमल भोगलेल्या भागांत स्वातंत्र्यानंतरच्या काळात शाळा, आरोग्यकेंद्रं आणि रस्ते यांची उपलब्धता कमी आढळली. नकाशावाल्यांचा युक्तिवाद इथे जवळजवळ उलटा पडतो.

निष्कर्ष आपल्या मनासारखा आला की आपण पुरावा तपासत नाही, ही आपली जुनी खोड आहे. म्हणून आता तपासू.

पहिला प्रश्न: 'वारस नाही' हे कुणी ठरवलं? साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज, म्हणजे शहाजी, एप्रिल १८४८ मध्ये वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. झाशीच्या गंगाधररावांनीही नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला होता. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा पुत्रच. तेव्हा 'वारस नव्हता' हे डलहौसीचं वाक्य आहे, आणि अय्यर यांच्या तक्त्यात तेच आलं, असा आक्षेप कुणी घेईल. माझ्या मते हा आक्षेप टिकत नाही. औरस पुत्र होणं न होणं माणसाच्या हातात नसतं. दत्तक घेणं हा निर्णय असतो, आणि तो शहाणा, सावध राजा वेळेवर घेतो. दत्तक हिशेबात धरला असता तर राजाचा शहाणपणा नाण्यात मिसळला असता. म्हणून त्यांनी औरस पुत्र ही कसोटी धरली ते योग्यच केलं. फक्त लक्षात ठेवायचं की तक्त्यातली ही कसोटी हिशेबासाठी आहे. ती मान्य केली म्हणजे डलहौसीचा न्याय मान्य केला असं होत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. हे नाणं आपोआप उडालं होतं का? साताऱ्याची हकीकत जरा मागे नेऊन पाहा. १८३९ मध्ये साताऱ्याच्या गादीवर होते प्रतापसिंह महाराज. इंग्रजांनी त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केलं, काशीला पाठवलं आणि त्यांच्या भावाला, आप्पासाहेबांना, गादीवर बसवलं. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं राहिले, ते तुम्हाला माहीत आहे. प्रतापसिंह काशीतच १८४७ मध्ये वारले. डलहौसी हिंदुस्थानात आला जानेवारी १८४८ मध्ये. आणि आप्पासाहेब गेले एप्रिल १८४८ मध्ये.

आता गंमत बघा. अभ्यासाची खिडकी उघडते १८४८ मध्ये. प्रतापसिंह गादीवर राहिले असते आणि त्याच वेळी वारले असते, तर साताऱ्याचा मृत्यू खिडकीच्या बाहेर पडला असता. तो खिडकीच्या आत पडला, कारण नऊ वर्षांपूर्वी गादीवर कोण बसणार हे इंग्रजांनीच ठरवलं होतं. ज्याच्या कृतीचा परिणाम मोजायचा, त्याचाच हात नाण्याला लागलेला आहे. मराठीत आपण म्हणतो, डलहौसीला निमित्त मिळालं. निमित्त मिळणं वेगळं आणि निमित्त घडवणं वेगळं. साधन-चलाचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे.

पण इथेच थांबलो तर ते अन्यायाचं होईल. १८३९ मध्ये आप्पासाहेबांना बसवणाऱ्यांना ते नेमके १८४८ च्या एप्रिलमध्ये जातील हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. डलहौसी नावाचा माणूस येणार हेही ठाऊक नव्हतं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचं मत तर सातारा खालसा करण्याच्या विरुद्ध होतं. म्हणजे योगायोग अजून शिल्लक आहे, पण तो शंभर टक्के योगायोग नाही. साताऱ्यामुळे अभ्यास कोसळत नाही. त्याला एक तडा जातो, आणि हा तडा हिशेबाच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. तो दिसतो साताऱ्याच्या इतिहासात.

तिसरा प्रश्न चोरदरवाजाचा. राजा निपुत्रिक मरतो तेव्हा आणखीही बरंच काही घडतं. भाऊबंदकी, राण्यांचे गट, कारभाऱ्यांची लूट, अल्पवयीन वारस. संस्थान खालसा झालं नाही तरी या गोंधळाने शाळा आणि रस्ते मागे पडू शकतात. मग तो परिणाम थेट अमलाचा म्हणायचा की गोंधळाचा?

अय्यर यांनी यावर केलेली चाचणी मला या निबंधातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. त्यांनी विचारलं, इतर काळात, जेव्हा ते धोरण लागू नव्हतं, तेव्हा निपुत्रिक मेलेल्या राजांच्या मुलखांत असाच परिणाम दिसतो का? दिसत नाही. म्हणजे निपुत्रिक मृत्यू एरवी निरुपद्रवी असतो, खालसा धोरणाच्या काळातच तो घातक ठरतो. याला म्हणतात व्यतिरेक तपासणं: कारण काढून घ्या आणि कार्य उरतं का ते पाहा.

नागपूरचा इतिहास या चाचणीच्या बाजूने साक्ष देतो. डिसेंबर १८५३ मध्ये वारलेले तिसरे रघूजी भोसले स्वतः दत्तक म्हणूनच गादीवर आले होते, १८१८ मध्ये, आणि तेही इंग्रजांच्या संमतीने. त्याच घराण्यात, त्याच गादीवर, दत्तक एकदा चालला. पस्तीस वर्षांनी चालू दिला नाही. घटना एकाच प्रकारची, धोरण वेगळं, फळ वेगळं. डलहौसीने नागपूरबद्दल लिहिताना इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा विचारही मांडला होता, म्हणजे जमिनीवर डोळा होताच. पण डोळा असणं आणि राजाने मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाणं म्हणून मृत्यूच वापरला आहे, हाव वापरलेली नाही. हे नीट समजून घ्या, नाहीतर आपण चुकीच्या जागी टीका करत बसू.

तरी एक सूचना करावीशी वाटते. १८४८ ही रेषा जितकी सरळ काढली जाते तितकी ती सरळ नव्हती. अलिबागचं आंग्र्यांचं कुलाबा संस्थान डलहौसीच्या आधीच, १८४० च्या सुमारास, वारस नाही म्हणून कंपनीने घेतलं. उलट, करौलीच्या बाबतीत १८५२ मध्ये वारलेला राजा निपुत्रिक असूनही लंडनच्या संचालकांनी खालसा करायला नकार दिला. म्हणजे १८४८ च्या आधीचा काळही पूर्ण 'निरोगी' म्हणून तुलनेला घेता येत नाही. १८५७ च्या उठावानंतर सरकारने दत्तकाचा हक्क मान्य केला, १८६२ मध्ये तशा सनदा दिल्या. तुलनेसाठी तो काळ अधिक स्वच्छ.

चौथा प्रश्न: हे उत्तर कुणाबद्दल आहे? आपल्या काल्पनिक हिशेबात ज्या ६० संस्थानांचं नशीब मृत्यूने बदललं, उत्तर फक्त त्यांच्याबद्दल असतं. हे १९९४ मध्ये इम्बेन्स आणि अँग्रिस्ट यांनी काटेकोरपणे दाखवून दिलं. त्या दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यामागे हे काम आहे. आता याचा अर्थ आपल्या भूगोलात लावा. पुणे १८१८ मध्ये लढाईने गेलं. पेशव्यांना मूल होतं की नव्हतं याचा तिथे प्रश्नच नव्हता. अवध १८५६ मध्ये गैरकारभाराच्या आरोपावरून घेतलं, वारस असताना. पुण्याबद्दल आणि लखनौबद्दल हे नाणं गप्प आहे. तेव्हा 'इंग्रजी राजवटीचा परिणाम' असं मोठं वाक्य या अभ्यासातून काढणाऱ्याने सांगावं, कुठल्या मुलखावरचा? बंगालवरचा? कोकणावरचा? तिथे हे साधन पोचतच नाही.

याच प्रश्नाचा आणखी एक पदर आहे. नाणी किती होती? डलहौसीने वारसाच्या कारणावरून खालसा केलेल्या ठळक संस्थानांची नावं बोटांवर मोजता येतात. नागपूरचा मुलूख मोठा, आज त्याचे अनेक जिल्हे होतात. तक्त्यात ओळी वाढतात, पण फासा तिथे एकदाच पडला होता. यावर संख्याशास्त्रात उपाय आहेत आणि ते वापरलेही जातात. तरी ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावं की आपण शेकडो प्रयोग पाहत नाही आहोत, मोजके पाहत आहोत.

पाचवा आणि शेवटचा प्रश्न मला तत्त्वज्ञ म्हणून सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'थेट अमल' ही एक गोष्ट आहे का? झाशी बघा. १८५४ मध्ये खालसा झाली. त्याच खालसा होण्यातून पुढे तिथे १८५७-५८ चं युद्ध पेटलं. आणि नंतर झाशी शहर १८६१ मध्ये शिंद्यांकडे दिलं गेलं, ते १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी परत घेतलं. आता झाशीत शंभर वर्षांनी शाळा कमी आढळल्या, तर त्याचं कारण काय म्हणू? कलेक्टरचा कारभार? युद्धातली कत्तल? की हात बदलण्याची ती पंचवीस वर्षं? हिशेबात या सगळ्याची बेरीज एकाच शब्दाखाली येते. औषधाची पुडी दिली, गुण आला की नाही ते मोजलं, पण पुडीत काय काय होतं हे मोजणारा सांगत नाही. 'थेट अमलाने शाळा कमी झाल्या' हे विधान खरं असूनही आपल्याला हवं ते ज्ञान त्यात नसेल. आपल्याला जाणून घ्यायचं असतं की नेमकं काय टाळलं असतं तर बरं झालं असतं.

इथे आपल्याकडचा एक मोह सांगून ठेवतो. शाळांचा विषय निघाला की आपण लगेच बडोदा आणि कोल्हापूर पुढे करतो. सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ मध्ये दत्तक आले, आणि १९०६ मध्ये त्यांनी बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांच्या घरातून १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक आले, आणि १९१७ मध्ये त्यांनी सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. दोघेही दत्तक! डलहौसीचा नियम टिकता तर ही दोन माणसं गादीवर आलीच नसती. उदाहरणं सुंदर आहेत आणि खरीही आहेत. थेट अमल नसता तर काय होऊ शकलं असतं, याची वाट ती दाखवतात. पण सयाजीराव आणि शाहू आपल्याला आठवतात कारण ते सयाजीराव आणि शाहू होते. ज्या संस्थानिकांनी शिकारीत आणि पॅरिसमध्ये तिजोरी रिकामी केली, त्यांची नावं आपण तुलनेला घेत नाही. म्हणजे कंपनीने जशी जमीन निवडून घेतली, तसे आपण राजे निवडून घेतो. दोष एकच आहे.

मग या अभ्यासाबद्दल माझा निवाडा काय? शेतीबद्दलचा निष्कर्ष मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. नकाशावरचा फरक इंग्रजांचं कर्तृत्व म्हणून दाखवणाऱ्याला आता ते सहज म्हणता येणार नाही. त्याला आधी निवडीचा प्रश्न सोडवावा लागेल. शाळा, दवाखाने, रस्ते यांबद्दलचा निष्कर्ष मी मर्यादेसह मान्य करतो: डलहौसीच्या काळात ज्या संस्थानांचं भवितव्य राजाच्या मरणावर टांगलेलं होतं, तेवढ्यांपुरता. संपूर्ण इंग्रजी राजवटीवरचा न्यायनिवाडा म्हणून मी तो मान्य करत नाही. मला वाटतं, निबंध काळजीपूर्वक वाचणारा याहून जास्त मागणारही नाही. जास्त मागतात ते निबंधाचा सारांश ऐकून वाद घालणारे.

आणि युक्तीबद्दल एवढंच. साधन-चल वापरणारे कधीकधी असं बोलतात की आता इतिहासाची गरज उरली नाही, नाण्याने काम केलं. प्रत्यक्षात उलट घडतं. साध्या तुलनेत शंभर उपाधी लपलेल्या असतात. ही युक्ती ते शंभर प्रश्न बाजूला सारते आणि एकच प्रश्न समोर ठेवते: हे निमित्त खरोखर निमित्तच होतं का? ही फार मोठी सोय आहे, कारण एका प्रश्नावर भांडता येतं, शंभरांवर येत नाही. पण त्या एका प्रश्नाचं उत्तर संगणक देत नाही. ते साताऱ्याच्या दफ्तरात असतं, नागपूरच्या पत्रव्यवहारात असतं, संचालकांनी करौलीबद्दल दिलेल्या निकालात असतं. आपल्याकडे मोडी वाचणारे कमी होत चालले आहेत आणि तक्ते करणारे वाढत आहेत. तक्ते जरूर करा. पण प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या रकान्यात जी घटना लिहिली आहे, ती कशी घडली हे वाचू शकणारा एक तरी माणूस शेजारी बसलेला असू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.